स्कॅनचा अहवाल आणि दुसरे मत

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात एखाद्या मराठी घरी दिवेलागणीच्या सुमारास तपासणी केंद्रातून एक भला मोठा लिफाफा येतो. आत काळसर फिल्म असतात आणि सोबत टंकलिखित अहवाल असतो. घरातील बोलणे मराठीत, डॉक्टरांशी बोलणे गुजरातीत, आणि दुखण्याचा निवाडा मात्र इंग्रजीत! कॉलेजात जाणारा नातू तो वाचू लागतो. वरच्या ओळी कोणास समजत नाहीत. पण तळाशी ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली दोन-तीन वाक्ये असतात आणि त्यांतील एखादा शब्द सर्वांच्या काळजात रुततो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अहवाल पाहून म्हणतात, “शस्त्रक्रिया करावी लागेल.” त्या क्षणापासून घरातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो, पण तो बोलून मात्र कोणी दाखवीत नाही. आणखी कोणाला दाखवावे काय?

दाखवावे, तर इतकी वर्षे घरच्यासारख्या असलेल्या डॉक्टरांचा तो अविश्वास ठरेल, अशी भीती वाटते. न दाखवावे, तर शरीरावर एकदा चाललेली सुरी परत घेता येत नाही. याच कुटुंबाने मुलीच्या लग्नात पाटल्या घेताना दोन सराफांकडे कस लावून पाहिलेला असतो. त्यात पहिल्या सराफाचा अपमान झाला असे कोणाला वाटलेले नसते. सोन्याच्या बाबतीत जो संकोच नाही, तो देहाच्या बाबतीत का असावा? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर स्कॅन म्हणजे काय आणि त्याचा अहवाल म्हणजे काय, हे प्रथम समजून घ्यावयास हवे.

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञास ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरील अंगठी त्यात स्पष्ट दिसत होती. जिवंत माणसाचे शरीर न फाडता आत डोकावता येऊ लागले. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले. सीटी म्हणजे क्ष-किरणांनी अनेक बाजूंनी मापे घेऊन गणकयंत्राने मांडलेले शरीराचे आडवे काप होत. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साह्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणूंकडून संदेश मिळवून चित्र रचले जाते. सोनोग्राफीत ध्वनिलहरींचे प्रतिध्वनी असतात. हाउन्सफील्ड यांना १९७९ साली आणि एमआरआयच्या जनकांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यंत्रे अशी अद्भुत असल्यामुळे सामान्य माणसाची एक समजूत होऊन बसते. वजनकाट्यावर उभे राहिले की आकडा दिसतो, त्याचप्रमाणे स्कॅनच्या यंत्रात शिरले की रोगाचे नाव बाहेर पडते, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्र चित्र देते. रोगाचे नाव माणूस देतो. एका एमआरआय तपासणीत शेकडो चित्रे निघतात. क्ष-किरणतज्ज्ञ, म्हणजे ज्यास रेडिऑलॉजिस्ट म्हणतात तो, ती डोळ्यांखालून घालतो आणि त्यांचा अर्थ शब्दांत लिहितो. अहवाल हे एक वाचन होय. जुने मोडी दफ्तर एका जाणकाराने एका प्रकारे लावावे आणि दुसऱ्याने एखादे अक्षर निराळे लावावे, असे होते. कागद तोच असतो, वाचन बदलते. स्कॅनचेही तसेच आहे.

दोन तज्ज्ञांच्या वाचनात असा कितीसा फरक पडत असेल? हा प्रश्न अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकातच विचारला गेला. क्षयाच्या शोधासाठी त्या वेळी हजारो लोकांच्या छातीची क्ष-किरणचित्रे काढली जात. जेकब येरुशाल्मी हे संख्याशास्त्रज्ञ आणि हेन्री गार्लंड हे क्ष-किरणतज्ज्ञ यांनी ती चित्रे निरनिराळ्या अनुभवी तज्ज्ञांनी कशी वाचली ते पडताळून पाहिले. एकाने सदोष ठरविलेल्या चित्रांपैकी सुमारे एकतृतीयांश चित्रांबाबत दुसऱ्याचे मत निराळे पडले. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, तीच चित्रे त्याच तज्ज्ञाला काही काळाने पुन्हा दाखविली असता सुमारे एकपंचमांश बाबतीत त्याचे स्वतःचेच मत बदलले. हे तज्ज्ञ अडाणी नव्हते की निष्काळजीही नव्हते. करड्या छटांच्या ढगातून आकार वेचून काढणे हे कामच तसे अवघड आहे.

बोस्टनमध्ये झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या सीटी चित्रांत गाठी शोधण्याचे काम २४ क्ष-किरणतज्ज्ञांना देण्यात आले आणि शेवटच्या चित्रमालिकेत मुद्दाम एका गोरिलाची आकृती घुसडून दिली. ती आकृती सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी होती. तरीही २४ पैकी २० जणांना ती दिसली नाही. त्यांतील बऱ्याच जणांची नजर नेमकी तिच्यावरून गेल्याचे यंत्राने नोंदले होते. मन एक वस्तू शोधण्यात गुंतले की डोळ्यांसमोरची दुसरी वस्तू निसटते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत स्तनांच्या कर्करोगासाठी जी चाळणी-तपासणी होते, तिच्यात प्रत्येक चित्र दोन जणांनी वाचावे अशी पद्धतच ठेवलेली आहे. तेथे दुसरे वाचन हा अविश्वास मानला जात नाही; तो कामाचाच भाग आहे.

सर्वसामान्य घरांशी अधिक जवळचे उदाहरण कंबरदुखीचे आहे. कंबर दुखत असलेल्या आणि एका पायात कळ जात असलेल्या ६३ वर्षांच्या एका अमेरिकन बाईने तीन आठवड्यांच्या अवधीत दहा निरनिराळ्या केंद्रांत जाऊन एमआरआय काढून घेतला. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदलेले आढळले. त्यांतील एकही दोष दहाही अहवालांत नव्हता आणि सुमारे एकतृतीयांश दोष तर केवळ एकेकाच अहवालात होते. बाई तीच, कंबर तीच. दफ्तर मात्र दहा वाचकांनी दहा प्रकारे लावले!

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. चित्रात दिसलेला प्रत्येक दोष हा दुखण्याचे कारण असतोच असे नाही. कंबर मुळीच दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचे जे अभ्यास झाले, त्यांतील ३३ अभ्यासांचा, म्हणजे तीन हजारांहून अधिक माणसांचा, आढावा २०१५ साली घेण्यात आला. मणक्यांमधील चकती फुगलेली दिसणे, ज्याला अहवालात ‘डिस्क बल्ज’ म्हणतात, हे वयाच्या विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के निरोगी लोकांत आढळते, असे त्यातून दिसले. केस पिकावेत, तशा चकत्याही झिजतात. तेव्हा ‘बल्ज’ हा शब्द वाचून कोणी अंथरूण धरण्याचे कारण नाही. चित्रातील दोष आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसतो की नाही, हे रुग्णास समक्ष तपासणारा डॉक्टरच ठरवू शकतो. अहवालाच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन’ सुचविलेले असते ते याच कारणाने. ‘रुग्णास पाहून ताडून घ्यावे,’ एवढाच त्याचा अर्थ. ‘सजेस्टिव्ह ऑफ’ म्हणजे ‘तसे वाटते’ आणि ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ म्हणजे ‘तसे नसेलच असे म्हणता येत नाही’. हे सारे शब्द शंकेचे आहेत, निकालाचे नव्हेत. घरात मात्र ते शिक्षेसारखे वाचले जातात.

चित्र तेच राहून ज्ञान वाढल्यामुळे अर्थ कसा पालटतो, याचे उदाहरण भारतातच घडलेले आहे. देशात सीटी यंत्रे येऊ लागली तेव्हा झटके आलेल्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत लहानसा कंकणाकृती डाग दिसू लागला. आपल्याकडे क्षय फार; म्हणून ती क्षयाची गाठ असावी असे मानून कित्येकांना दीर्घकाळ क्षयाची औषधे देण्यात आली. पण यांतील बरेच डाग आपोआप नाहीसे होत, हे डॉक्टरांना कोड्यात टाकणारे होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चंडी, वेदांतम् राजशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अशा गाठी तपासल्या आणि त्यांतील पुष्कळशा एका पट्टकृमीच्या अळीभोवती बनलेल्या असतात असे दाखवून दिले. या कृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात जातात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा विकार होऊ शकतो. कोणती गाठ कृमीची असण्याचा संभव अधिक, हे गाठीच्या आकारावरून व रुग्णाच्या लक्षणांवरून कसे ओळखावे, याचे नियमही त्यांनी १९९३ च्या सुमारास मांडले. त्यामुळे कितीतरी रुग्णांची अनावश्यक शस्त्रक्रिया आणि अनावश्यक औषधे टळली. एका अर्थी संपूर्ण वैद्यकशास्त्रानेच त्या डागाबद्दल घेतलेले हे दुसरे मत होय.

मग प्रत्येक अहवाल दुसऱ्यास दाखवीत हिंडावे काय? तसे मुळीच नाही. काही दुखणी अशी असतात की त्यांत दुसऱ्या मताची वाट पाहणे घातक ठरते. एकाएकी तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, वाचा गेली, तर मेंदूतील गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तेथे मिनिटा-मिनिटाला मोल आहे. कंबरदुखीत लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीचा भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यावा लागू शकतो. अपघातातील आंतरिक रक्तस्रावाचेही तसेच. अशा वेळी समोरच्या डॉक्टरांवर भरवसा टाकणे हेच शहाणपण.

याउलट काही प्रसंगी दुसरे मत घेणे जवळजवळ कर्तव्यच ठरते. मोठी किंवा न परतविता येणारी शस्त्रक्रिया सुचविली असेल. कर्करोगाचा संशय असेल. अहवाल एक सांगतो आणि रुग्णाची प्रकृती दुसरेच सांगते असे दिसत असेल. दुखणे विरळ असेल. किंवा सांगितलेल्या उपचाराने महिनोन् महिने गुण येत नसेल, तर पुन्हा विचारावे. कसोटी साधी आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत निराळे पडले तर उपचार बदलेल काय? बदलणार असेल, तर ते मत अवश्य घ्यावे. बदलणार नसेल, तर धावपळ आणि खर्च दोन्ही व्यर्थ होत.

दुसरे मत घ्यावयाचे म्हणजे पुन्हा स्कॅन काढावयाचा, अशी एक चुकीची समजूत आहे. बहुतेक वेळा नवे चित्र लागत नाही. तेच चित्र नव्या डोळ्यांनी पाहावयाचे असते. छातीच्या एका सीटी तपासणीत साध्या क्ष-किरणचित्राच्या साठ-सत्तर पट किरण शरीरास मिळतात, म्हणून निष्कारण पुनरावृत्ती टाळणेच बरे. पहिले चित्र अस्पष्ट असेल, रुग्ण हलल्यामुळे बिघडले असेल किंवा आवश्यक तो भागच त्यात आला नसेल, तर गोष्ट वेगळी. पण ते दुसऱ्या तज्ज्ञाने पाहून सांगावे.

यासाठी तपासणी केंद्रातून केवळ फिल्म आणि कागद न घेता मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा. या मूळ चित्रांस ‘डायकॉम’ म्हणतात. त्यांत सर्व काप असतात आणि ते लहान-मोठे, उजळ-गडद करून पाहता येतात. फिल्मवर निवडक चित्रेच छापलेली असतात; आणि त्या फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो म्हणजे छायेची छाया. तो पाठवून मिळालेल्या मतावर शस्त्रक्रियेचा निर्णय करू नये. सोबत जुने स्कॅन असल्यास तेही जोडावेत. फुप्फुसातील एखादा डाग पाच वर्षांपूर्वीच्या चित्रातही तसाच असेल, तर तो बहुधा बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण असतो. तोच डाग नव्याने उद्भवलेला असेल, तर त्याचा अर्थ पार वेगळा. जपून ठेवलेला एक जुना लिफाफा कधी कधी नव्या यंत्राहून अधिक सांगून जातो.

दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना रुग्णाची हकीकत नीट लिहून न्यावी. दुखणे कधी सुरू झाले, कोठे दुखते, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती औषधे चालू आहेत, हे त्यास कळले पाहिजे. कारण प्रश्न ठाऊक असल्याशिवाय चित्राचे वाचन नेमके होत नाही. शक्य असल्यास त्याच विषयात मुरलेला क्ष-किरणतज्ज्ञ शोधावा. मेंदूचे, सांध्यांचे, स्तनांचे जाणकार आता वेगवेगळे असतात. पहिला अहवाल लपवून परीक्षा पाहण्याचा मोह काहींना होतो. दुसऱ्याने प्रथम चित्रे स्वतंत्रपणे पाहावीत अशी विनंती करणे योग्य आहे. पण नंतर पहिला अहवाल त्याच्यापुढे ठेवावा, म्हणजे फरक कोठे आणि का पडला हे उलगडते. कर्करोगाचा प्रश्न असेल, तर मात्र स्कॅनपेक्षाही गाठीच्या तुकड्याची तपासणी निर्णायक ठरते. तेव्हा तिच्या काचपट्ट्या आणि मेणातील ठोकळाही दुसऱ्या विकृतितज्ज्ञास दाखवावा.

बडोदेकरांना यासाठी फार दूर जावे लागते असे नाही. गावातच १९४९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास जोडलेले सर सयाजीराव जनरल रुग्णालय आहे. शंभरेक किलोमीटरवर अहमदाबादेत गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट आहे. आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस गेले की परळचे १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे सरकारी नियम झाल्यापासून डॉक्टरांचा सल्ला दूर अंतरावरूनही रीतसर घेता येतो. सयाजीराव महाराज १८८७ साली प्रकृतीसाठी प्रथम युरोपास गेले, तेव्हा परदेशातील वैद्यांचा सल्ला ही राजेरजवाड्यांनाच परवडणारी गोष्ट होती. आज मांडवीतील कारकुनालाही आपल्या स्कॅनची चित्रे दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येतात.

कायद्याचे पाठबळही रुग्णास आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने आपली वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. दुखणे गंभीर, संशयास्पद किंवा अवघड असेल तेव्हा डॉक्टरांनी स्वतःहून दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, असेही तेच नियम सांगतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. तेव्हा आपल्या डॉक्टरांपाशी हा विषय चोरून नव्हे, तर मोकळेपणाने काढावा. “डॉक्टरसाहेब, निर्णय मोठा आहे, घरच्यांचे समाधान व्हावे म्हणून चित्रे आणखी एकास दाखवावी म्हणतो. कोणास दाखवू?” असे विचारले, तर चांगला डॉक्टर रागावत नाही; उलट बऱ्याचदा तोच नाव सुचवितो.

आता समजा, दोन मते परस्परविरुद्ध आली. अशा वेळी घरात गोंधळ माजतो आणि तिसरे, चौथे, पाचवे मत घेण्याची धाव सुरू होते. ही निवडणूक नव्हे. येथे मते मोजावयाची नसतात, कारणे तोलावयाची असतात. दोन्ही अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारावे की फरक कशात आहे, तो कोणत्या तपासणीने मिटेल आणि थोडा काळ थांबून पाहण्यात धोका किती. कित्येकदा दोन तज्ज्ञांच्या पाच मिनिटांच्या बोलण्यातच कोडे सुटते. कित्येकदा तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढणे हेच उत्तम उत्तर असते. मात्र आपल्या मनाला रुचेल ते उत्तर मिळेपर्यंत दारोदार फिरणे हा दुसऱ्या मताचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. त्या फिरण्यात बरा होण्याजोगा कर्करोगही हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून दुसरे मत घ्यावयाचे ते ठरावीक मुदतीत, आठ-पंधरा दिवसांत घ्यावे. आणि ती मुदत किती असावी, हेही पहिल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुसऱ्या मताने पहिलेच मत खरे ठरले, तर पैसा वाया गेला असे काहींना वाटते. तसे नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनातील शंका फिटली, हा लाभ लहान नाही. निश्चिंत मनाने उपचार घेणारा रुग्ण डॉक्टरांचेही काम सोपे करतो. आणि मत निराळे पडले, तर एखादी शस्त्रक्रिया टळते किंवा दृष्टिआड राहिलेला रोग वेळीच सापडतो.

त्या दांडिया बाजारातील घरात आलेला लिफाफा म्हणूनच भिऊन कपाटात ठेवावयाचा नसतो आणि देवघरात पूजावयाचाही नसतो. तो एका जाणत्या माणसाने, आपल्या परीने, काळजीपूर्वक केलेल्या वाचनाचा कागद आहे. ज्यावर आयुष्य तोलले जाणार, तो कागद दुसऱ्या जाणत्या नजरेखालून जाऊ द्यावा. यात पहिल्याचा उपमर्द नाही. रुग्णाचे हित मात्र आहे.